मुलांसाठी वस्ती बघायची तर संध्याकाळी साडेपाचला जा

प्रश्न : आम्ही कुर्ल्याला वन-रूम-किचनमध्ये भाड्याने राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. माझं ऑफिस ऐरोलीला, सहाला सुटतं. यजमानांचं लोअर परळला, त्यांना निघायला सात वाजतात. आता साताऱ्याहून सासूबाई कायमच्या राहायला येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मोठं घर घ्यायलाच हवं. महिना पस्तीस हजारांपर्यंत भाडं देऊ शकतो. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमधला टूबीएचके या पैशात बसतोय. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, प्ले एरिया सगळं आहे. एजंट टोकनसाठी मागे लागलाय. मैत्रीण म्हणते, शेजार हवा तर डोंबिवलीला या. माझ्या आईचं म्हणणं मुलुंड. आम्हाला एवढंच हवंय की मुलं खाली खेळायला जातील आणि अडीनडीला शेजारी दार उघडतील. अशी वस्ती ओळखायची कशी? की भाड्याच्या भानगडीत न पडता सरळ विकतच घ्यावं?
– दोन मुलांची आई, कुर्ला

उत्तर : नमस्कार. टोकन आत्ता देऊ नका. टॉवर चांगलाही असेल, पण तुम्ही अजून फक्त फ्लॅट बघितलाय. खाली खेळणारी मुलं आणि अडीनडीला उघडणारं दार तुम्हाला फ्लॅटमध्ये दिसणार नाही, ते बघायला इमारतीच्या आसपास पायी फिरावं लागतं. चार वर्षांचं मूल रमतगमत चालतं तेव्हा दहा मिनिटांत चार-पाचशे मीटर जातं. तेवढ्या टापूत बाग, बालवाडी, किराणा, औषधांचं दुकान आणि मुलांचे डॉक्टर असले तर तुमचं रोजचं ओझं अर्धं होईल. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंचंही जग तेवढंच असणार आहे.

आधी वेळेचा हिशेब करा. लहान मुलांची आणि त्यांच्या आयांची ओळख होते ती साधारण साडेपाच ते साडेसात या वेळात, इमारतीखाली. तुमच्यापैकी एकजण आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस या वेळात घरी पोचत नसेल, तर वस्ती कितीही चांगली असो, तुमची तिच्याशी गाठ रविवारीच पडेल. म्हणून दोन ऑफिसांच्या मधलं ठिकाण शोधत बसू नका. ज्याच्यावर मुलांची ने-आण आहे त्याच्या ऑफिसजवळ घर घ्यावं आणि लांबचा प्रवास दुसऱ्याने पत्करावा. तुमच्या घरात ऐरोलीचं ऑफिस लवकर सुटतं, तेव्हा घर ऐरोलीपासून जवळ हवं.

कासारवडवली या हिशेबात बसत नाही. तिथून ठाणे स्टेशन साधारण दहा किलोमीटर. घोडबंदर रोडवर गुजरातकडे ये-जा करणारी अवजड वाहनं, पुढे गायमुख घाटातली कोंडी, त्यात मेट्रोची कामं. त्याच टप्प्याला एखाद्या दिवशी अर्धा तास लागतो, एखाद्या दिवशी सव्वा तास. लांबच्या प्रवासाची सवय होते, पण आज किती वाजता पोचू हेच सांगता येत नसेल तर लहान मुलांच्या घराचं काही खरं नाही, कारण पाळणाघर ठरल्या वेळेला बंद होतं आणि आठ महिन्यांच्या बाळाची भूक कोंडी सुटायची वाट बघत नाही. वडाळा ते कासारवडवली मेट्रो पूर्ण धावू लागली की हे गणित बदलेल. तोवर तुमच्यासाठी तो टॉवर नको.

डोंबिवलीच्या शेजाराबद्दल मैत्रीण बरोबर सांगते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारं गाव, रामनगर-टिळकनगरातल्या जुन्या सोसायट्या, घरगुती पाळणाघरं, शिकवण्या, वाचनालयं, हे सगळं तिथे खरोखर आहे आणि भाडंही कमी पडतं. पण ऐरोलीसाठी तुम्हाला रोज ठाण्याला गाडी बदलावी लागेल आणि संध्याकाळी डोंबिवलीकडच्या गर्दीत चढावं लागेल. यजमानांना तर घरी यायला साडेआठ-नऊ होतील. तिथे तुमचे सख्खे नातेवाईक राहत असते तर आम्ही वेगळं उत्तर दिलं असतं. कुणी तिकडचा विचार करत असेल तर एक गोष्ट जरूर बघावी : एमआयडीसीच्या बाजूला घर असेल तर रासायनिक कारखान्यांपासूनचं अंतर. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत तिथे झालेल्या स्फोटांनी लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या होत्या.

तुमच्यासाठी तीन ठिकाणं बघण्यासारखी आहेत.

पहिलं, खुद्द ऐरोली. सिडकोने आखलेले सेक्टर, आतले रस्ते रुंद, बऱ्याच सेक्टरांत छोटी बाग, बाजार चालत्या अंतरावर. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याची बाजू घोडबंदरपेक्षा पुष्कळच भक्कम. तुम्ही सव्वासहा-साडेसहाला घरी असाल. यजमानांना ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून धिम्या लोकलने लोअर परळजवळचं करी रोड, म्हणजे एक गाडी बदलणं. तोटे दोन. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा जवळ असल्यामुळे काही रात्री रसायनांचा वास येतो. घर पसंत पडलं तर रात्री अकरानंतर एकदा तिथे जाऊन उभे राहा, विशेषतः हिवाळ्यात. मुलीला खोकल्याची, धाप लागण्याची तक्रार असेल तर ही चक्कर चुकवू नका. दुसरं म्हणजे, भाडं फारच कमी सांगितलं तर इमारत सेक्टरमधली आहे की गावठाणालगतच्या ‘गरजेपोटी’ (म्हणजे गावकऱ्यांनी गरज म्हणून परवानगीशिवाय केलेल्या) बांधकामांपैकी, ते विचारा. तशा इमारतींना बहुधा भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसतं आणि काही गल्ल्या इतक्या अरुंद असतात की अग्निशमनाची गाडी आत वळत नाही.

दुसरं, मुलुंड पूर्व. तुमच्या आईशी आम्ही बरेचसे सहमत आहोत. स्टेशनपासून चालत पोचता येणारी मराठी मध्यमवर्गीय वस्ती, जुन्या सोसायट्या, संभाजीराजे मैदान, मिठागर रोडला केळकर-वझे महाविद्यालय, नवघर रोड-गव्हाणपाड्याच्या भागात दारापर्यंत भाजी. ऐरोली पुलावरून तुमचं ऑफिस जवळ, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोलही नाही. यजमानांना धिमी लोकल थेट करी रोडला सोडेल. इथली खरी अडचण पुनर्विकास. जुन्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. भाड्याने राहायला गेलात आणि आठ महिन्यांत सोसायटी रिकामी करायची नोटीस आली तर मुलांची शाळा, पाळणाघर, सगळं पुन्हा जुळवावं लागेल. म्हणून घरमालकाला नाही, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना स्पष्ट विचारा : विकासक नेमला का? पुनर्विकास ठरवण्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-ए खालची सभा झाली का? शेजारच्या प्लॉटचं काय? शेजारची इमारत पडणार असेल तर दोन-अडीच वर्षं धूळ, ड्रिलिंग आणि सिमेंटच्या गाड्या. दुपारी झोपणाऱ्या बाळाच्या घराला हे झेपत नाही. हरिओम नगरच्या बाजूला बघत असाल तर आणखी एक : तिथल्या डंपिंग ग्राउंडवर कचरा टाकणं २०१८ मध्ये थांबलं, पण साठलेला ढीग उपसायचं काम पुढे चालू राहिलं. वारा तिकडून येत असताना खिडक्या उघडून बघा.

तिसरं, ठाण्यातला नौपाडा, पाचपाखाडी किंवा पूर्वेचं कोपरी. नौपाड्यातून स्टेशन चालत, तिथून ऐरोली दुसरं स्टेशन (मध्ये फक्त दिघा गाव), आणि यजमानांना ठाण्याहूनच सुटणाऱ्या धिम्या गाड्या, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळायची शक्यता. पाचपाखाडीत कचराळी तलावाभोवती चालायचा मार्ग आहे; सकाळ-संध्याकाळ तिथे आजी-आजोबांचे जथे दिसतात. सासूबाईंसाठी ही मोठी गोष्ट. पण पस्तीस हजारांत नौपाड्यात टूबीएचके मिळाला तर तो बहुधा जुना आणि बिनलिफ्टचा असेल. गुडघ्यांचा विचार करता तळमजला किंवा फार तर पहिला मजला घ्या. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर तीन वर्षांनी करायचं असतं, त्याचा अहवाल मागा. पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक, म्हणजे सी-१ इमारतींची यादी जाहीर करते, तीही बघून घ्या.

आमची पसंती विचाराल तर आधी मुलुंड पूर्व, पुनर्विकासाचं उत्तर समाधानकारक मिळालं तर. नाहीतर ऐरोली. एक खोली कमी मिळाली तरी चालेल. या वयाची मुलं स्वतःच्या खोलीत कमी आणि स्वयंपाकघरात, जिन्यात, अंगणात जास्त असतात.

आता ओळखायचं कसं ते. एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला नेतो. त्या वेळी सगळ्याच सोसायट्या शांत आणि स्वच्छ दिसतात. तुम्ही कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जा, मुलीला सोबत घ्या आणि दोन तास तिथेच काढा. एजंट बरोबर नको. खाली किती मुलं आहेत यापेक्षा कुठल्या वयाची आहेत ते बघा. सगळीच दहा-बारा वर्षांची आणि क्रिकेट खेळणारी असतील तर तुमच्या मुलीला सवंगडी नाही आणि चेंडू लागण्याची भीती मात्र आहे. तीन ते सहा वयाची पाच-सहा मुलं एकाच आवारात दिसली तर पुष्कळ झालं. त्यांच्याबरोबर कोण आहे? प्रत्येक मुलामागे एकेक सांभाळणारी बाई फोन बघत उभी असेल तर मोठ्यांची एकमेकांशी ओळख नाही. एक आजी बाकावर बसून चार घरांच्या मुलांवर ओरडत असेल, तर तुम्ही जे शोधताय ते सापडलं.

तिथून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जा. त्याच्या टेबलावरच्या गठ्ठ्यांत छोट्या मापाचे शाळेचे गणवेश किती आहेत ते बघा. गठ्ठ्यावर खडूने फ्लॅटचा नंबर लिहिलेला असतो, कुठल्या विंगमध्ये लहान मुलं आहेत ते त्याला पाठ असतं आणि तो सांगतोही. त्यावरचं शाळेचं बोधचिन्ह बघितलं की परिसरातली मुलं कुठल्या शाळेत जातात तेही कळतं. औषधांच्या दुकानात डायपर मागा. लहान मापाचे मोठे पुडे फळीवर समोरच असतील तर त्या भागात बाळं आहेत. ‘मागवून देतो’ म्हणाला तर त्या दुकानात बाळांचं गिऱ्हाईक फारसं नाही.

मग सोसायटीच्या आत या आणि नोटीस बोर्डसमोर पाच मिनिटं उभे राहा. ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई’, ‘चेंडू आढळल्यास जप्त’, ‘भाडेकरूंनी बाग वापरू नये’ अशी पाटी असेल तर ती खरी मानून चाला. आमच्याकडे असं काही नाही, नुसती पाटी आहे, असं एजंट हमखास सांगेल, पण तक्रार झाली की त्या पाटीकडेच बोट दाखवलं जातं. याउलट गणपतीतल्या मुलांच्या स्पर्धांची यादी, हळदीकुंकवाचं निमंत्रण, कुणाच्या तरी हरवलेल्या सायकलची चिठ्ठी असे कागद दिसले तर लोक एकमेकांशी बोलतात. गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नावं बघा. दोन-तीन आडनावंच पुन्हा पुन्हा असतील तर सोसायटी त्या दोन-तीन घरांची आहे, नवख्यांना शिरायला वेळ लागेल.

जिन्याने वर चढा. दार उघडं आणि जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलं, अशी घरं मजल्यावर किती आहेत? तुमच्या मजल्यावरच्या दोन घरांची बेल वाजवून सरळ सांगा : आम्ही इथे भाड्याने यायचं बघतोय, घरात लहान मुलं आणि सासूबाई आहेत, पाणी कसं येतं? उत्तरापेक्षा उत्तर द्यायची पद्धत बघा. आत बोलावलं, पोळ्यावाल्या मावशींचा नंबर दिला, तर शेजाराबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

खाणंपिणं, धर्म, जात यावरून नाक मुरडणाऱ्या सोसायट्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. घरात मासे-मटण होत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. नंतर टोमणे ऐकत राहण्यापेक्षा आधीच नकार ऐकलेला बरा. मुलांच्या कानावर ते पडू नये.

खेळायच्या जागेची पाहणी हात लावून करा. घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक असतील तर दीड मीटरवरून पडलेल्या मुलाचं डोकं फुटू शकतं. खाली रबरी चटई किंवा टाचेने उकरता येईल अशी खोल, मऊ वाळू हवी. स्टीलची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून असेल तर तिला चारच्या उन्हात हाताची मागची बाजू लावून बघा. झोपाळ्याच्या साखळीचा वरचा आकडा झिजून उघडा पडलाय का, हे मान वर केल्याशिवाय दिसत नाही. खेळायची जागा आणि गाड्यांचा रॅम्प यांच्यामध्ये कुंपण हवंच, कारण रिव्हर्स घेणाऱ्या उंच गाडीच्या चालकाला मागचं तीन वर्षांचं मूल आरशात दिसत नाही. आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची झाकणं. ती लोखंडी, न हलणारी आणि कुलूप लावलेली हवीत. या बाबतीत तडजोड नको. एक झाकण सैल दिसलं तर सेक्रेटरींना तिथल्या तिथे सांगा. कुणी हललं नाही, तर तुम्हाला सोसायटीची रीत कळली.

नव्या टॉवरांत प्ले एरिया बहुधा पार्किंगच्या मजल्यांवर, पोडियमवर असतो. तिथे गाड्या नाहीत हा फायदा. पण तिथे जायला लिफ्ट लागते, म्हणजे सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मूल एकटं जाऊ शकत नाही, आणि अठराव्या मजल्यावरून हाक ऐकू जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवार दिसत असेल तर सासूबाई कुकर लावता लावता नातीवर लक्ष ठेवू शकतात. घर बघताना त्या खिडकीत उभे राहून खाली बघाच.

घराच्या आत बघण्याच्या गोष्टी मोजक्या. बाल्कनीच्या आणि जिन्याच्या कठड्याच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, आडवे गज तर नकोतच, मुलं त्यांची शिडी करतात. सरकत्या काचेच्या खिडक्यांना ग्रिल नसेल तर ते बसवून देण्याची अट करारात लिहून घ्या, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला ग्रिलला एक उघडणारी चौकट ठेवायला सांगा. लिफ्ट जुन्या पद्धतीची, सरकत्या जाळीच्या दाराची असेल तर मुलांची बोटं त्यात सापडतात. ती बदलायचं सोसायटीत ठरलंय का, ते विचारा.

पाण्याचा हिशेब करायला कुणाचं मत लागत नाही. शहरी माणसाला रोज १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण. तुम्ही पाच जण, म्हणजे ६७५ लिटर. साठ फ्लॅटच्या सोसायटीला याच हिशेबाने रोज सुमारे ४०,५०० लिटर लागतात, म्हणजे नळाला पाणी नसेल तर दहा हजार लिटरचे चार टँकर. वॉचमनला विचारा, काल किती टँकर आले? मग मेंटेनन्सचं गेल्या एप्रिल-मे महिन्याचं बिल मागा. पावसाळ्यातलं बिल टँकरचा खर्च दाखवत नाही. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नसेल तर नळजोडणीचं घोंगडं बराच काळ भिजत पडतं.

पावसाळा चालू असेल तर एक चक्कर भरतीच्या दिवशी मारा. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका मोसमाआधी जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊसही असला तर स्टेशनपासून घरापर्यंत मुलाला कडेवर घेऊन चालून बघा, कुठे गुडघाभर पाणी होतं ते कळेल. कोरड्या दिवसांत तळमजल्याच्या भिंतींवर आणि मीटरच्या पेटीखाली गढूळ पाण्याची रेघ शोधा.

पाळणाघराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सासूबाई आल्या तरी ते लागेल. गुडघे दुखणाऱ्या बाईंनी रांगत्या बाळामागे आणि साडेतीन वर्षांच्या मुलीमागे दिवसाचे दहा तास धावावं, ही अपेक्षा धरू नका. यातूनच घरात कडवटपणा येतो. आधी ऑफिसात विचारा : कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तशी सोय असेल तर ऐरोलीचं पारडं आणखी जड होतं. घरगुती पाळणाघर बघायचं तर दुपारी एकला, न कळवता जा. दोन वर्षांखालच्या तीन-चार मुलांमागे एक सांभाळणारी हवी. गॅसची शेगडी मुलांच्या हाताला लागेल अशी नको, झोपायची जागा वेगळी हवी. आणि हा प्रश्न नक्की विचारा : काकू आजारी पडल्या तर त्या दिवशी कोण बघतं? याला ठाम उत्तर नसेल तर तो दिवस तुमच्या रजेतून जाणार.

मुलीच्या शाळेसाठी महाराष्ट्रातला वयाचा नियम : ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन, ज्युनियर केजीला चार, पहिलीला सहा वर्षं पूर्ण. बऱ्याच खासगी शाळांचे फॉर्म दिवाळीच्या आसपास सुटतात आणि पत्त्याचा पुरावा मागतात, त्यामुळे घर त्याआधी ठरलेलं बरं. केजीसाठी नावाजलेल्या शाळेच्या मागे जाऊन चाळीस मिनिटांचा बसप्रवास लादू नका. चालत जायच्या शाळेत वर्गातलीच मुलं संध्याकाळी बागेत भेटतात, आणि आयांची मैत्री शाळेच्या फाटकातच होते. बस घ्यावीच लागली तर महिला मदतनीस बसमध्ये आहे ना आणि तुमचा थांबा फेरीत कितवा, हे दोन्ही विचारा.

धाकट्याला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस आहे, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. घर हलवण्याच्या धांदलीत पहिला डोस राहून जातो, म्हणून लसीकरणाचं कार्ड सामानात बांधू नका, पर्समध्ये ठेवा. नव्या ठिकाणी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात हीच लस मोफत मिळते. आणि रात्री दोन वाजता ताप चढला तर कुठलं रुग्णालय, तिथे रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, याची चौकशी सामान हलवण्याआधी करा.

भाडेकराराचं म्हणाल तर लीव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ते बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. पस्तीस हजार भाडं आणि दीड लाख अनामत धरली तर अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क साधारण हजार रुपये, शहरी भागात नोंदणी फी हजार. यापलीकडे एजंट जे मागेल ते त्याच्या सेवेचे पैसे, त्यावर घासाघीस करता येते. अकराऐवजी बावीस किंवा तेहेतीस महिन्यांचा करार मागा, दरवर्षी पाच टक्के वाढ आधीच लिहून. संपण्याची तारीख एप्रिल-मेमध्ये पडेल असं बघा. नोव्हेंबरात घर सोडायची वेळ आली तर मुलीची शाळा अर्ध्यावर तुटते. सोसायटी भाडेकरूमुळे मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचं, हेही करारात येऊ द्या.

राहायला गेल्यावर पहिले पंधरा दिवस खोकी उघडण्यापेक्षा खाली जाण्याला द्या. मुलीबरोबर एक चेंडू आणि दोन खडूच्या पेट्या न्या. खडू वाटले की फरशीवर चित्रं काढायला मुलं आपोआप गोळा होतात, आणि त्यांच्या मागून आया येतात. सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात भजनी मंडळ किंवा ज्येष्ठांच्या बाकापर्यंत स्वतः पोचवा. त्यांची ओळख तुमच्या आधी होईल आणि घरातल्या मुलांना सगळे त्यांच्यामुळे ओळखू लागतील.

विकत घेण्याची घाई नको. त्याच वस्तीत एक पावसाळा, एक गणपती आणि एक मे महिना भाड्याने काढा, मग ठरवा. तेव्हा जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र, जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) आणि विक्रेत्याची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र, ही तीन कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. नव्या प्रकल्पात महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते बघा, आणि करार नोंदवायच्या आधी बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली तर देऊ नका. कायद्याने त्याला ती घेता येत नाही.